एकेक मॉड्यूल, एकेक विकार

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या केंद्रातल्या जुन्या कॅसेटमधली गुरुमाउलींची प्रवचनं आपण कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. पण मशीन मध्येच गोठायचं आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागायची. जुनी टेप वाजेल तितकी झिजते. काहींचं मत पडलं, "मशीनच टाकून द्या."

सेवेतल्या एका कॉलेजच्या मुलाने समजावलं, "काकू, लिनक्समध्ये कर्नल म्हणजे गाभा. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा अशा हार्डवेअरसाठी त्याला मॉड्यूल जोडलेली असतात. एखादं बिनसलं की सगळंच अडतं. गाभा चांगला असतो." आधी त्याने लॉग वाचला, म्हणजे गोठण्याआधीच्या नोंदी. मग एका वेळी एकच मॉड्यूल बंद करून दिवसभर काम करून पाहायचं. सगळी एकदम बंद केली तर दोष कुणाचा ते कळत नाही. आणि डिस्कच्या मॉड्यूलला हात लावायचा नाही, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही.

संशय ब्लूटूथवर आला. त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये लिहिलं, मशीन पुन्हा सुरू केलं, तर ते परत हजर! कारण 'बीटीयूएसबी' नावाचं मॉड्यूल त्याच्यावर चालतं आणि येताना त्याला सोबत आणतं. मग बीटीयूएसबीचंच नाव यादीत टाकलं. आता कॅसेट शेवटपर्यंत उतरतात.

मंडळी, आपल्या मनाचंही असंच आहे ना? "राग सोडला" असं आपण ठरवतो, आणि संध्याकाळी तो परत हजर. कारण त्याला हाताला धरून आणणारा कुणी वेगळाच असतो. "मी सांगितलं तसंच झालं पाहिजे" हा हट्ट रागाला आणतो. "मी इतकी सेवा करते" हा विचार अहंकाराला आणतो, तोही थेट देवघरात! दार त्या आणणाऱ्यासाठी बंद करायचं. सेवा मात्र सोडायची नाही, ती आपली डिस्क आहे.

घरातल्या माणसांनाही हाच न्याय लावू या. एका खोडीवरून "हा माणूसच असा" म्हणून कुणाला मोडीत काढायला नको. आत आत्माराम आहे, गाभा शुद्धच आहे.

या आठवड्याची साधना: रात्री नामस्मरणानंतर दिवसाचा लॉग वाचू या. मन कुठे अडलं, त्याआधी कोणता विचार आला? एकच निवडू या आणि आठवडाभर त्याच्यावरच लक्ष ठेवू या.

॥ श्रीसद्गुरुचरणार्पणमस्तु ॥