सत्तेतला वाटा आणि वाणीचे शील

पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात एका तरुणाने विचारले, "गुरुजी, आपला पक्ष लहान. सरकारात गेला तर एखादे मंत्रिपद मिळते, बाहेर राहिला तर नुसत्या घोषणा. मग विरोधी बाकावर बसण्यात शहाणपण ते कोणते?" प्रश्न निवडणुकीचा दिसतो, माझ्या मते तो चौथ्या शीलाचा आहे. जे मनाला पटत नाही त्याला सभागृहात हात वर करून संमती देणे, हा मुसावाद नव्हे काय?

सत्तेत जाणे हेच पाप, असे म्हणणारांशी मी सहमत नाही. 1947 साली बाबासाहेब स्वतः नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. ते काँग्रेसचे नव्हते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे होते. आत गेले म्हणूनच हिंदू कोड बिल त्यांना हाती घेता आले. पण लहान पक्षाच्या माणसाच्या वाट्याला आत काय येते, तेही त्यांनी भोगले. परराष्ट्र व संरक्षण समित्यांवर त्यांना घेतले नाही. निर्णय समित्यांत होतात आणि मंत्रिमंडळ त्यांची नुसती नोंद करते, अशी तक्रार त्यांनी पुढे राजीनाम्याच्या निवेदनात केली.

मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचे समर्थन घटनासमितीत त्यांनीच केले होते. आत वाद घालावा, बाहेर एकमुखाने बोलावे, असा तो नियम. मोठ्या पक्षाचे त्यात काही बिघडत नाही, कारण निर्णय त्याचाच असतो. लहान पक्षाचे मात्र तोंड बंद होते. गावात आपल्यावर बहिष्कार पडला, कसत असलेले गायरान हिसकावले, तरी त्याचा आमदार 'चौकशी चालू आहे' एवढेच म्हणणार. मग वस्तीच्या वतीने बोलायचे कोणी?

बाबासाहेबांनी चार वर्षे आत नेटाने काम केले. ज्या बिलासाठी थांबलो तेच सोडून दिले जात आहे असे दिसताच, 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी राजीनामा दिला. 10 ऑक्टोबरला संसदेत निवेदन करायचे, तर उपाध्यक्षांनी आधी प्रत मागितली. ते सभागृहाबाहेर पडले व निवेदन वृत्तपत्रांना दिले. डिसेंबर 1952 मध्ये पुण्याच्या भाषणात लोकशाहीच्या यशाच्या अटींत त्यांनी विरोधी पक्ष सांगितला, तो केवळ पुस्तकातून नव्हे.

मी त्या तरुणाला म्हणालो, "पुढाऱ्याला खुशाल आत जाऊ द्या, पण कोणत्या गोष्टीवर बाहेर पडाल, ते जाण्यापूर्वी विचारून घ्या."

"असे विचारणाऱ्याला पुढच्या खेपेस तिकीट मिळत नाही," तो म्हणाला.

यावर एक वृद्ध उपासिका उठून म्हणाल्या, "मला कुठे तिकीट पाहिजे? मी विचारीन." पुढच्या पौर्णिमेला पुढाऱ्यांनी विहारात यावे, असे पत्र त्यांच्याच अंगठ्याने गेले आहे.