साडेपाचची बाटली

मे महिन्यातली पहाट. साडेपाचला स्वयंपाकघरात एवढा मोठा आवाज झाला की मला आधी वाटलं, गॅसच. धावत गेलो तर फडताळाचं दार उघडं, ओट्यापर्यंत काचाच काचा आणि घरभर आल्याचा वास. सहा बाटल्यांपैकी एक फुटली होती, तिच्यामुळे शेजारचीही.

आल्याचं आंबवलेलं, फसफसणारं सरबत घरी करायचा नाद मला लागला होता. नाशिकमध्ये राहायचं, गंगापूर धरणाकडे जाताना 'सुला'च्या बागा बघायच्या, आणि बाटलीतल्या बुडबुड्यांचं कुतूहल वाटू द्यायचं नाही, हे जरा अवघडच. आलं आणि साखरेचं विरजण लावायचं, ते गोड पाण्यात मिसळायचं, बाटलीत भरून बूच घट्ट लावायचं. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. त्या वायूला जायला जागा नसते, म्हणून तो पाण्यात विरघळतो.

हिशेब सोपा आहे; मी तो नंतर केला. लिटरभर पाण्यात चार ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर साधारण एक लिटर वायू तयार होतो. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, आणि तिची काच त्यासाठीच जाड केलेली असते. मी चवीसाठी लिटरला चाळीस ग्रॅम साखर घातली होती. बाटल्या सरबताच्या, पातळ काचेच्या. त्यात नाशिकचा मे, आणि फडताळ गॅसच्या शेजारी.

उरलेल्या चार बाटल्यांचं काय करायचं? डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली, हातात जाड गोधडी, अशा थाटात मी एकेक बाटली गुंडाळून फ्रीजमध्ये नेली. थंडीत यीस्ट मंदावतं आणि वायू पाण्यात जास्त मुरतो. दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये, गोधडीखालीच, हळूहळू बुचं उघडली. हा किस्सा मी नंतर तीन-चार घरी रंगवून सांगितला. हेल्मेटपाशी सगळे हसतात.

किस्शात न येणारा भाग असा. आदल्या दिवशी सकाळी मी कामाच्या मावशींना तेच फडताळ पुसायला सांगितलं होतं. तो कप्पा त्यांच्या तोंडासमोर येतो. त्यांनी सहाही बाटल्या एकेक करून उतरवल्या, पुसल्या, परत ठेवल्या. आणि स्फोटाच्या दिवशी साडेसहाला त्या आल्या, तेव्हा मी म्हणालो, "रात्री बाटली पडली." त्यांनी काचा भरल्या.

बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ साली 'नैतिक नशीब' या कल्पनेवर निबंध लिहिले. दोघे जण सारख्याच बेपर्वाईने गाडी हाकतात. एकाच्या समोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. चूक तीच, पण एक आयुष्यभर गुन्हेगार आणि दुसरा वेळेवर घरी. माझी बाटली एक दिवस आधी फुटली असती, तर हा किस्सा मी कुठे सांगितला असता? माझ्या वागण्यात काडीचाही फरक नसता. तरी आज मी हसवतो आहे, आणि ते हसू मला यीस्टच्या वेळापत्रकाने मिळवून दिलं आहे.

कुणी म्हणेल, ठाऊक नव्हतं ना तुला? ही सबब मला पटत नाही. शोधलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. शॅम्पेनच्या तळघरांत एके काळी कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून वावरत. निदान तिथे धोका आहे हे मुखवटा घालणाऱ्याला माहीत होतं. माझ्या घरात कळल्यावर पहिलं हेल्मेट मी माझ्याच डोक्यावर चढवलं.

पंधरा दिवसांनी मी मावशींना खरं सांगितलं. कशासाठी, ते नक्की सांगता येणार नाही. त्यांचं भलं कमी आणि माझं ओझं जास्त, असंही असेल. हातातलं फडकं पिळत त्यांनी ऐकून घेतलं.

"आदल्या दिवशी सांगायचं ना दादा," त्या म्हणाल्या. "मी हातच लावला नसता."

मग जरा थांबून, "आणि पडली म्हणून का सांगितलं?"

आता मी प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्या वापरतो. रोज दाबून बघायच्या. दगडासारख्या कडक लागल्या की फ्रीजमध्ये. साखर मोजून. बाटल्या झाकणाच्या खोक्यात, माझ्या खोलीत. ती खोली पुसायची का, हे मावशी दर वेळी दारात उभं राहून विचारतात.