मग ते सारे व्यर्थ गेले का?



१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. ३० तारखेला अमेरिकेचे शेवटचे लष्करी विमान तेथून उडाले. वीस वर्षांत २४००हून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले होते. अनेक माजी सैनिकांना सुटकेपेक्षा राग आला, दुःख झाले. आपले सोबती कशासाठी मेले?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, ज्या परिणामाची आधी कल्पना नव्हती, तो मागाहून कृतीला चांगली किंवा वाईट ठरवत नाही. जखमी सोबत्याला ज्याने खांद्यावरून आणले, त्याची प्रीती काबूल पडल्याने खोटी ठरत नाही. त्या ऑगस्टमध्येही आपल्या अफगाण दुभाष्यांना वाचवण्यासाठी कित्येक माजी सैनिक घरून धडपडत होते.

पण हे सांत्वन सैनिकासाठी आहे, त्याला पाठवणाऱ्यांसाठी नाही. यशाची रास्त आशा नसेल तर युद्ध न्याय्य नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. आशा मावळल्यावरही ज्यांनी माणसे पाठवली, त्यांना हिशेब द्यावा लागेल.

म्हणून दुःखिताला घाईने ‘देवाची इच्छा’ म्हणू नये. क्रुसावरून प्रभूनेही पित्याला ‘का?’ असे विचारले होते. आपण जवळ बसून ऐकावे.