अपैशुन : मिस्त्रींचं गप्प राहणं आणि माझं



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक २.

सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या तीन श्लोकांत भगवंत दैवी संपत्तीचे २६ गुण सांगतात. आजच्या श्लोकात सत्य आहे, अक्रोध आहे, ह्री म्हणजे चुकीची लाज आहे, अचापल म्हणजे उगाच चुळबुळ न करणं आहे. आणि अपैशुन आहे. अपैशुन म्हणजे दुसऱ्याचा दोष त्याच्या मागे किंवा चारचौघांत न उघडणं.

मला इथे नेहमी अडायला व्हायचं. सत्य आणि अपैशुन एकाच श्लोकात कसे? एक म्हणतो बोल, दुसरा म्हणतो झाक. या प्रश्नाचं उत्तर मला भूमला, जीपच्या बॉनेटखाली मिळालं. गोष्ट माझ्या कमीपणाची आहे, पण सांगतो.

अण्णा गेल्यापासून त्यांची जुनी महिंद्रा पेट्रोल जीप शेडमध्ये उभी होती. आईची इच्छा होती की एकदा त्याच जीपमधून येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला जायचं. म्हणून भूमच्या एका मिस्त्रींकडे इंजिन बांधायला दिलं. त्यांच्याकडे कामं बहुतेक ट्रक आणि ट्रॅक्टरची, म्हणजे डिझेलची. डिझेलला डिस्ट्रिब्युटर नसतोच. पण अण्णांची गाडी म्हणून त्यांनी मन लावून काम केलं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन. दोन दिवस इंजिन घड्याळासारखं चाललं.

तिसऱ्या रात्री मी एक व्हिडिओ बघितला. टायमिंग थोडं पुढे घेतलं की पिकअप वाढतो म्हणे. इंजिनिअर माणूस, हात शिवशिवले. डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला केला, बॉडी जराशी फिरवली, फरक कळेना म्हणून अंदाजाने परत आणली. माझा पान्हा नीट बसत नव्हता. बोल्ट बोटांनीच फिरवला आणि म्हटलं, सकाळी आवळू. सकाळी विसरलो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रँकच्या निम्म्या वेगाने डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट फिरतो आणि चार प्लगना १-३-४-२ या क्रमाने ठिणगी वाटतो. ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी लागते. आतला शाफ्ट फिरतो, पण बाहेरची बॉडी जागची हलता कामा नये. क्लॅम्प ढिला असेल तर फिरता कॅम बॉडीला हळूहळू आपल्याच दिशेने ओढतो, आणि बॉडी १ अंश सरकली की टायमिंग क्रँकच्या २ अंशांनी मागे पडतं. मग पेट्रोल उशिरा जळतं. पिस्टनला ढकलण्याऐवजी उष्णता सायलेन्सरमध्ये आणि पाण्यात जाते.

आमचं नेमकं तेच झालं. बालाघाटच्या चढाला जीप मरगळली, काटा लाल रेषेकडे गेला, सायलेन्सरमधून फटाके वाजायला लागले. भर उन्हात आई रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी. माझं डोकं फिरलं. काकांना म्हणालो, "मिस्त्रीनं काम धड केलेलं नाही." कुटुंबाच्या ग्रुपवर तसाच मेसेजही टाकला. तासाभराने मिस्त्री मोटारसायकलवर आले.

त्यांनी आधी पाणी बघितलं, मग प्लगच्या वायरी. मग डिस्ट्रिब्युटरला हात लावला, आणि तो हाताने फिरला. त्या क्षणी मला रात्रीचं सगळं आठवलं.

मिस्त्रींनी बोल्टचं डोकं पुसून बघितलं. कोपरे ताजे खरवडलेले होते. असा पान्हा ते कधी वापरत नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग टेस्ट लॅम्प लावला, पॉइंट उघडून दिवा लागला त्या जागी बॉडी धरली, रिंग पान्ह्याने बोल्ट आवळला आणि बॉडी व ब्लॉकवर खडूने सरळ रेघ ओढली. परत हललं तर लगेच दिसावं म्हणून.

काकांनी विचारलं, "काय मिस्त्री, बोल्ट आवळायचाच राहिला व्हय?"

मिस्त्री आईला म्हणाले, "वहिनी, बसा आता. काही व्हायचं नाही." बस, एवढंच.

मीही गप्प बसलो.

येरमाळ्याला पोहोचलो, दर्शन झालं. आई खूश होती. मला मात्र हात जोडून काय मागावं ते सुचेना.

नंतर कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो. त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आईसमोर नको. आता विषय संपलाय. प्रत्येक कारण एकेका अंशाचंच, पण मी पुरता सरकलो होतो.

मग रोजच्या वाचनात हा श्लोक आला आणि दोन गप्प राहणी शेजारी शेजारी दिसली. मिस्त्री खोटं बोलले नाहीत. चूक स्वतःवर घेतली नाही, माझ्यावरही टाकली नाही. त्यांचं सत्य शाबूत राहिलं आणि अपैशुनही. खोटं तर मीही बोललो नव्हतो. पण माझ्या गप्प बसण्यावर काकांचा गैरसमज उभा होता आणि त्याचा भार दुसऱ्याच्या नावावर पडत होता. दुसऱ्याचा दोष झाकणं हा गुण आहे. आपला दोष दुसऱ्याच्या नावाखाली झाकणं ही चोरी आहे. श्लोकात विरोध नव्हताच, मी गुण चुकीच्या माणसाला लावत होतो.

मी गॅरेजवर गेलो, माफी मागितली. मिस्त्री म्हणाले, "मला तवाच कळलं होतं रे. चहा घेतो का?" बरं वाटलं. पण ते बरं वाटणं फसवं होतं. आरोप मी सगळ्यांसमोर केला होता आणि माफी दोघांत उरकत होतो. म्हणून रात्री ग्रुपवर लिहिलं : बोल्ट मी ढिला केला होता, मिस्त्रींचं काम चोख आहे. काकांना फोनही केला.

काका म्हणाले, "आधी सांगायचं ना. मी ट्रॅक्टर दुसरीकडं टाकला इंजिन कामाला."

ते काम आता मिस्त्रींकडे परत येणार नाही. ह्री, ती लाज, वेळेवर आली असती तर आलं असतं.

आजचा स्वाध्याय : तुमच्या गप्प राहण्यामुळे कुणाच्या नावावर तुमची चूक लागली आहे का? असेल, तर जिथे ती लागली तिथेच जाऊन पुसा. आजच.

राम कृष्ण हरी.