जमा कुणाच्या खात्यावर?

आरे कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला दोन प्राणी भेटण्याचा संभव असतो. एक म्हैस आणि दुसरा बिबट्या. म्हैस रोज भेटते. बिबट्या मला आजवर एकदाही भेटलेला नाही, आणि याबद्दल मी आणि माझा विमा एजंट दोघंही समाधानी आहोत. पण वर्तमानपत्र उघडून बघा. बिबट्यानं रात्री नुसता रस्ता ओलांडला तरी सकाळी त्याचा फोटो. आणि म्हैस? १९४९ साली दारा खुरोडी यांनी मुंबईतल्या तबेल्यांची आरेत सोय लावली, तेव्हापासून ती पिढ्यान्‌पिढ्या निमूटपणे दूध देते आहे. तिचा फोटो कुणी छापल्याचं मला आठवत नाही.

म्हशीचं सोडा, खुद्द खुरोडींची तरी काय कथा? १९६३ सालचा मॅगसेसे पुरस्कार दुधाच्या कामासाठी तिघांना मिळून दिला गेला. खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन. आमच्या फिरायला जाणाऱ्या कंपूत मी चाचणी घेतली. कुरियन सगळ्यांना ठाऊक होते. खुरोडी म्हटल्यावर एकानं विचारलं, "हा पदार्थ गोड असतो की तिखट?" हा गृहस्थ लहानपणी कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन आरेच्या दूध केंद्रावर रांग लावत होता!

तेव्हा प्रसिद्धी आणि गुणवत्ता यांचं भांडण आम्हा आरेत फिरणाऱ्यांना नवं नाही. मात्र ते माझ्या मानगुटीवर बसलं ते गोल्फमुळे.

माझा आणि गोल्फचा संबंध आरेतल्या कुत्र्यांसाठी हातात धरायच्या काठीपुरता. पण ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी पहाटे आमच्या कंपूतला एकही जण फिरायला आला नाही. सगळे आपापल्या घरी टी.व्ही.समोर गोल्फ बघत बसले होते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक नावाची मुलगी तीन दिवसांच्या खेळानंतर दुसऱ्या क्रमांकावर होती. जागतिक क्रमवारीत दोनशेवी, पिशवी उचलायला सोबत तिची आई, आणि समोर जगातल्या पहिल्या नंबरची अमेरिकन नेली कोर्डा.

खेळातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. ज्याचे फटके कमी तो जिंकतो, हे समजायलाच तासभर गेला. कमीत कमी काम करून जो सर्वांत आधी घरी जातो तो श्रेष्ठ, हे तत्त्व मी बँकेत वीस वर्षं बघतो आहे. त्याला ऑलिंपिकमध्ये पदक मिळतं हे माहीत नव्हतं. टी.व्ही.वरचा माणूस 'बर्डी' म्हणाला, तेव्हा आमच्या कंपूतल्या पक्षिनिरीक्षकानं फोन करून "कुठला पक्षी दिसला?" असं विचारलं. मध्येच वादळी पावसामुळे खेळ थांबला. आमची ही म्हणाली, "अहो, डबा भरलाय. आज बँक नाही का?" होती. पहिला शनिवार. पण एक मुलगी देशासाठी शेवटच्या खड्ड्यापाशी उभी असताना खातेदारांच्या पासबुकात काय भरायचं?

अदिती चौथी आली. ब्राँझपदक एका फटक्यानं हुकलं. मी खऱ्याखुऱ्या हळहळीसह लेट मार्क घेतला. आणि त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकला, तो थेट सुवर्णपदकावर जाऊन पडला. आम्ही पेढे आणले, टाळ्या वाजवल्या, आणि सकाळी जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तिचं आडनाव रात्री झोपताना मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी आरेत चहाच्या टपरीपाशी वाद पेटला. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणाले, "गुण असले की प्रसिद्धी आपोआप मागं येते. कस्तुरीला जाहिरात लागत नाही." यावर विमा एजंट उसळला. "गुरुजी, कस्तुरीमृगाला विचारा. तिच्या प्रसिद्धीपायीच तो मेला! जगात बोलणाऱ्याची बोरं विकतात. या मुलीनं २०१६ साली गुरगावला इंडियन ओपन जिंकली. युरोपातल्या बायकांच्या टूरवर जिंकणारी पहिली भारतीय. तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. आज सकाळी मोबाइलवर वाचलं."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी बी.कॉम. असल्यामुळे निर्णय द्यायला नालायक नव्हतो, पण माहिती शून्य. म्हणून घरी जाऊन अभ्यासाला लागलो. त्या आठवड्यात गोल्फवर जेवढं वाचलं तेवढं बँकेच्या परीक्षांसाठी वाचलं असतं, तर आज काचेच्या केबिनमध्ये बसलो असतो.

पहिला धक्का गुरुजींच्या पक्षाला बसला. अमेरिकेत बायकांची व्यावसायिक गोल्फ संघटना १९५० साली १३ जणींनी मिळून काढली. या १३ जणी स्वतःच मैदान आखायच्या, स्वतःच वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायच्या, बक्षिसांचे चेक स्वतःच सही करून द्यायच्या, आणि मग उरलेल्या वेळात खेळायच्या. म्हणजे प्रसिद्धी ही त्यांची हौस नव्हती, चूल होती. प्रेक्षक नाहीत तर प्रायोजक नाही, प्रायोजक नाही तर बक्षीस नाही, आणि बक्षीस नाही तर परतीचं तिकीट नाही. घरात वाणसामान भरणाऱ्या माणसानं याला नावं ठेवू नयेत.

दुसरा धक्का एजंटाच्या पक्षाला. ऑस्ट्रेलियाची जॅन स्टीफन्सन. हिनं १९८३ साली यू.एस. विमेन्स ओपन जिंकली. तसल्या मोठ्या स्पर्धा एकूण तीन. पुढं तिनं गोल्फच्या चेंडूंनी भरलेल्या टबात बसून एक फोटो काढून घेतला. प्रसिद्धी भरपूर झाली, बोरं पाटीभर विकली गेली. पण आज तो टब लोकांना आठवतो आणि करंडक पुस्तकात शोधावा लागतो. गुण नव्हता असं नाही. गुणाच्या वर टब येऊन बसला.

आणि मिशेल वी? ही २००५ साली सोळावा वाढदिवस यायच्या आतच व्यावसायिक झाली. बायकांच्या टूरवर तोवर एकही स्पर्धा जिंकलेली नव्हती, पण मोठमोठ्या कंपन्यांचे करार आधीच खिशात. वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या खेळाडूंनी नाकं मुरडली, आणि मुरडणारच. टूरवरचा पहिला विजय २००९ साली आला आणि यू.एस. विमेन्स ओपन २०१४ साली. आमच्या भाषेत सांगायचं तर बाईला कर्ज आधी मंजूर झालं, तारण काहीच नव्हतं, पण हप्ते उशिरा का होईना तिनं फेडले. असे खातेदार सगळेच निघत नाहीत.

हा हिशेब मी टपरीवर मांडला. गुरुजी म्हणाले, "परदेशातलं सोडा. आपल्या मराठी मुलींचं तसं नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते नागपूरच्या दिव्या देशमुखनं जानेवारी २०२४ मध्ये दिलं. नेदरलँड्समधली बुद्धिबळाची स्पर्धा संपवून तिनं जाहीरपणे लिहिलं की प्रेक्षक माझे कपडे बघतात, केस बघतात, बोलण्याची ढब ऐकतात. फक्त खेळ बघत नाहीत. पुरुषांच्या मुलाखतीत मात्र खेळाविषयी विचारतात. मुलगी तेव्हा १८ वर्षांची होती. गोल्फ निदान उघड्यावरचा खेळ आहे. बुद्धिबळात माणूस चार तास कपाळाला हात लावून बसतो. तिथंसुद्धा लोकांना पटाऐवजी केस दिसावेत?

२८ जुलै २०२५ ला हीच दिव्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली आणि तिथल्या तिथं ग्रँडमास्टर झाली. आमच्या जिन्यात त्या संध्याकाळी आनंदीआनंद. एक काकू पेपरातला फोटो बघून म्हणाल्या, "किती साधी आहे नाही मुलगी!" कौतुकानंच म्हणाल्या. पण म्हणजे पुन्हा पट राहिलाच.

इथं मी काकूंना हसणार होतो. हसलो नाही, कारण मला आमच्या गृहपत्रिकेचा अंक आठवला.

आमच्या बँकेत कर्मचाऱ्यांचं एक त्रैमासिक निघतं. चार ओळी लिहितो म्हणून त्याचं संपादन माझ्या गळ्यात. एका वर्षी महिलांच्या कॅरम स्पर्धेचा अंक काढायचा होता. विजेत्या होत्या आमच्या रोकड विभागातल्या एक बाई, लागोपाठ चौथ्या वर्षी. फोटोत त्यांचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट, तोंडावर सगळा दिवसभराच्या नोटा मोजल्याचा शीण. दुसरा फोटो होता नव्यानं लागलेल्या एका मुलीचा. छान हसरा, हात स्ट्रायकरवर, उजेड नेमका गालावर. मी पाच सेकंदांत निर्णय घेतला. मुखपृष्ठावर हसरा फोटो. विजेत्या बाईंचं नाव चौदाव्या पानावर, निकालाच्या तक्त्यात.

अंक वाटला गेला. दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. मी सबबींची जुळवाजुळव करू लागलो. त्या म्हणाल्या, "मुखपृष्ठ सुंदर झालंय हो. बोर्डावरच्या सोंगट्या माझ्या फायनलच्या आहेत. ओळखल्या मी." एवढंच. आणि पाच वाजेपर्यंतची रोकड जुळवायला निघून गेल्या.

फायनल संपल्यावर फोटोग्राफरनं त्या मुलीला त्याच बोर्डासमोर बसवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, चला, निदान मुलगी तरी खूश असेल. ती संध्याकाळी आली, रडवेली. "सर, मी पहिल्याच फेरीत हरले होते. आता सगळे मला चॅम्पियन म्हणून चिडवतात. बाईंसमोर जायची लाज वाटते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बँकेत एका खात्याचे पैसे चुकून दुसऱ्या खात्यावर जमा झाले, तर ज्याचे गेले तो तर ओरडतोच. पण ज्याला आले तोही शेवटी गोत्यातच येतो, कारण ते त्याचे नसतात. गुन्हेगार दोघांपैकी कुणीच नसतो. गुन्हेगार असतो काउंटरमागचा, स्लिप न वाचता नोंद करणारा कारकून. गोल्फच्या टबातली, कॅरमबोर्डामागची, बुद्धिबळाच्या पटावरची, सगळ्या बायकांच्या बाबतीत आपण 'हिला प्रसिद्धी का?' असा जाब त्यांना विचारतो. वास्तविक विचारायचं स्वतःला. खतावणी आपण करतो. कुणाकडे बघायचं, हे आपल्या डोळ्यांच्या हातात असतं. आणि ज्यांच्याकडे बघायचं राहून जातं त्यांची गुणवत्ता सस्पेन्स खात्यात पडून राहते. रक्कम आहे, पण कुणाची ते बघायला कुणाला सवड नाही.

हे सगळं मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विचार चांगला आहे. पण बायकांच्या खेळावर लिहायचं आणि सुरुवात म्हशीपासून करायची, हे तुम्हालाच सुचू शकतं." मी म्हटलं, म्हशीविषयीचा माझा आदर तिला माहीत नाही.

असो. पुढच्या अंकात मी शुद्धिपत्र छापलं. शेवटच्या पानावर, वाहनकर्जाच्या दरांखाली, जागा उरली तिथं. साऱ्या बँकेत ते फक्त एका व्यक्तीनं वाचलं.

"शुद्धिपत्र पाहिलं," बाई म्हणाल्या. "भिंगानं."

"चुकलंच माझं," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी मुखपृष्ठ तुमचंच. शब्द देतो."

"मुखपृष्ठ राहू द्या हो. पुढच्या वर्षी फायनल बघायला या."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चार वर्षं निकाल छापणाऱ्या या संपादकानं त्यांचा खेळ एकदाही पाहिलेला नव्हता. अदिती अशोकसाठी मी पहाटे उठलो होतो. बाईंच्या फायनलसाठी नुसता एक जिना चढायचा होता.

पुढच्या वर्षी गेलो. स्टुलावर बसून पाऊण तास पाहिलं. शेवटच्या डावात क्वीन कोपऱ्यात दोन काळ्यांच्या आड अडकली होती. बाईंनी चष्मा पुसला, बोट टेकवलं, समोरच्या काठावरून स्ट्रायकर असा काही फिरवून आणला की क्वीन आपण होऊन चालत गेल्यासारखी पॉकेटात गेली. मागोमाग पांढरी. माझ्या तोंडून "वा!" केव्हा गेलं ते मलाच कळलं नाही. बाईंनी मान वर करून पाहिलं आणि चक्क हसल्या. छान, हसऱ्या, उजेड नेमका गालावर.

मुखपृष्ठाचा फोटो तोच होता. पण गळ्यातल्या कॅमेऱ्याची आठवण मला घरी पोचल्यावर झाली.