ज्याचा हात बसलाय, त्याचं काय?

बीड, माजलगाव, अंबाजोगाई, केज. कुठल्याही कट्ट्यावर बीजीएमआय खेळणारी चार पोरं जमली की हा वाद एकदा तरी होतोच. कुणीतरी फोनच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे ट्रिगर अडकवून येतो. काचेवर बोट टेकवायच्या ऐवजी ट्रिगर दाबायचा, ट्रिगर काचेला टेकतो, गोळी सुटते. किंमत फार नाही. पण त्याने लागोपाठ दोन मॅच मारल्या की कुणीतरी म्हणतंच, "काढ ते. बोटांनी खेळ, मग बोलू."

"बोटांनी खेळ" म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. हे म्हणणारा स्वतः बऱ्याचदा चार बोटांचा क्लॉ धरून खेळत असतो. दोन अंगठे खाली, दोन तर्जन्या वर, फोन खेकड्यासारखा पकडलेला. हा क्लॉ नवा होता तेव्हा नुसत्या अंगठ्यांनी खेळणारे त्याच्याकडेही असंच बघत. आज क्लॉ म्हणजे मेहनत आणि ट्रिगर म्हणजे लबाडी. मधली रेघ कुणी आखली? आणि ती नेहमी आपण जिथे उभे असतो त्याच्या बरोबर पुढेच का आखली जाते?

आपल्याकडच्या बहुतेक गेमरनी खरा गेमपॅड हातात धरलेलाच नाही. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाईल आलं आणि एक अख्खी पिढी थेट काचेवर खेळायला शिकली. प्लेस्टेशनवर वाढलेल्या माणसाला काच हा विचित्र कंट्रोलर वाटतो: बटणाला उंचवटा नाही, बोट कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. आपल्याला उलट गेमपॅड विचित्र वाटतो. म्हणजे 'विचित्र' हा गुण वस्तूत नसतो. आपला हात आधी कशावर बसला, यावरून ते ठरतं.

कंट्रोलरचा इतिहास हेच सांगतो. २००५ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ साठी बूमरँगच्या आकाराचा कंट्रोलर दाखवला. त्याची इतकी टर उडवली गेली की तो बाजारात आलाच नाही. त्याच वर्षी निन्टेन्डोने टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा, हवेत हलवायचा कंट्रोलर दाखवला. हसणारे तिथेही होते. पण तो ज्या वी कन्सोलबरोबर आला, त्याची विक्री दहा कोटींच्या वर गेली. २०१५ मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम कंट्रोलर आला. त्यात उजव्या काठीच्या जागी गोल ट्रॅकपॅड होता. काहींनी तो डोक्यावर घेतला, बऱ्याच जणांचा हात त्यावर बसलाच नाही, आणि २०१९ मध्ये तो बंद झाला.

पहिल्या दिवशीच्या हसण्यावरून पुढचं काही कळत नाही. पण ते हसणं आणि तो राग येतो कुठून, हा प्रश्न उरतोच.

'हात बसणं' हा मराठीतला फार नेमका शब्दप्रयोग आहे. भाकरीवर हात बसतो, हार्मोनियमवर बसतो, टायपिंगवर बसतो. मोरिस मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या आपल्या ग्रंथात टायपिंगचंच उदाहरण घेतलंय. सराईत टायपिस्टला कुठलं अक्षर कुठे आहे ते विचारलं तर चटकन सांगता येईलच असं नाही, पण बोटं बरोबर तिथेच जातात. हे ज्ञान डोक्यात नसतं, हातात असतं. आंधळ्या माणसाची काठीही अशीच. काही दिवसांनी ती काठी राहत नाही, जमीन चाचपणारं बोट होते.

मराठी टायपिंग शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर ज्यांचा हात बसला, त्यांना इनस्क्रिप्टवर पुन्हा पहिलीत बसावं लागलं. आणि फोनवर रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांना या दोन्ही मांडण्या परग्रहावरच्या वाटतात. तिघांचीही मराठी तीच असते. तरी मांडणी बदलली की माणूस अचानक अडाणी ठरतो.

नव्या कंट्रोलरवर गेमर चिडतो तेव्हा हीच भीती बोलत असते. हजारो तास घालून कमावलेलं, अंगात मुरलेलं काहीतरी एका आकाराच्या बदलाने कवडीमोल होईल, ही ती भीती. ती खरी आहे. पण ती 'चीटिंग' या शब्दाचे कपडे घालून येते, म्हणून तिचे पदर सुटे करावे लागतात. मला त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात.

पहिली तक्रार: माझी मेहनत वाया गेली. दुसरी: हे काम माणूस करत नाही, उपकरण करतंय. तिसरी: हे सगळ्यांना मिळत नाही.

दुसरी तक्रार सगळ्यात आधी बघू, कारण तिच्यावर खरोखर वाद होऊन नियम झालेले आहेत. स्ट्रीट फायटरसारख्या गेममध्ये काठीच्या जागी फक्त बटणं असलेले कंट्रोलर आले. काठी एका वेळी एकाच बाजूला झुकते. बटणं मात्र डावं-उजवं दोन्ही एकदम दाबता येतात. मग अशा वेळी गेमने काय समजायचं? २०१९ मध्ये दाइगो उमेहारा या दिग्गज जपानी खेळाडूने असाच एक कंट्रोलर स्पर्धेत आणायचं ठरवलं, पण कॅपकॉमच्या स्पर्धांमध्ये तो नियमात बसला नाही. पुढे २०२३ मध्ये कॅपकॉमने स्पर्धांसाठी स्पष्ट नियम केला: विरुद्ध दिशा एकत्र दाबल्या तर कंट्रोलरने आपल्या मनाने कुठल्याही एकीला प्राधान्य द्यायचं नाही. बटणांचे कंट्रोलर चालतील, पण निर्णय हाताचाच हवा. २०२४ मध्ये काही कीबोर्ड असा निर्णय स्वतःच घ्यायला लागले, तेव्हा व्हॉल्व्हनेही काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ती सोय बंद केली.

ही रेघ मला पटते. आकार कितीही विचित्र असू दे, निर्णय खेळणाऱ्याचा असला की खेळ त्याचा. या कसोटीवर आपला प्लास्टिकचा ट्रिगर पास होतो. तो केव्हा दाबायचा ते बोटच ठरवतं.

तिसऱ्या तक्रारीत आपला दुटप्पीपणा उघडा पडतो. महागड्या फोनवर ९० एफपीएसने खेळणाऱ्याला आपण म्हणतो, "भारी डिव्हाइस आहे भावाचा." आयपॅडच्या चौकोनी पडद्यावर वरचं-खालचं जास्त दिसतं, तरी आयपॅडवाला लबाड ठरत नाही, फार तर नशीबवान ठरतो. आणि स्वस्तातला ट्रिगर लावणारा मात्र चीटर. पैशाने विकत घेतलेली सोय आपल्याला नैसर्गिक वाटते, जुगाडाने मिळवलेली सोय गुन्हा वाटते. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठी एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. दोन मोठी बटणं, आणि पाठीमागे बाहेरचे स्विच जोडायला रांगेने सॉकेट. पायाने, कोपराने, हनुवटीने खेळा. तिथे "बोटांनी खेळ, मग बोलू" हे वाक्य किती ओंगळ वाटेल, ते एकदा मनातल्या मनात म्हणून बघा.

राहिली पहिली तक्रार, माझी मेहनत वाया गेली. खेळात ती समजून घ्यावी, पण तिच्यावरून नियम करू नये. महिनाभर सराव केला की हात नव्या कंट्रोलरवरही बसतो. नाही बसला तर जुना वापरायला कुणी अडवत नाही. हरलो तर एक मॅच हरलो.

पण ही सूट फक्त खेळात मिळते. बीड जिल्ह्यात हे विसरता येत नाही, कारण इथे हात बसायचं सगळ्यात मोठं हत्यार कोयता आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराईकडची कितीतरी गावं अर्धीअधिक रिकामी होतात आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मुकादमाच्या हिशेबात माणसं नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असला तर अर्धा कोयता. गेमरला कुणी 'एक कंट्रोलर' म्हणून हाक मारत नाही. इथे हत्याराचंच नाव माणसाला चिकटलंय.

ऊस तोडणं हेही हाताचं ज्ञान आहे. बुडख्यात साखर जास्त, म्हणून घाव जमिनीलगत बसला पाहिजे. वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आता फडात हार्वेस्टर येतोय. किंमत कोटीच्या घरात, आणि खरेदीला सरकारी अनुदान. ऊसतोड मजूर त्याच्याकडे बघून म्हणतो, "आमचा हात फुकट गेला." गेमरच्या तोंडी जी तक्रार सगळ्यात हलकी होती, ती इथे सगळ्यात जड होते. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते, आणि महिनाभर सराव करून बसायला दुसरा कंट्रोलर समोर नसतो.

म्हणून कोयताच राहावा असं म्हणायचं का? मुळीच नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो याच जिल्ह्यातून. पोराच्या हातात कोयता येऊ नये म्हणून त्याला शिकवणारे आईबाप इथे गावोगाव आहेत. ज्यांना कधी मोळी उचलावी लागली नाही, त्यांनीच हाताच्या कारागिरीचे गोडवे गावेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवं हत्यार चांगलं की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. त्याला जोडून विचारायला हवं की जुन्यावर ज्याचा हात बसलाय, त्याला निर्णयात जागा आहे का, आणि त्याच्या वाया जाणाऱ्या हाताची किंमत कोण मोजणार. एका मारामारीच्या गेममध्ये डावं-उजवं एकदम दाबलं तर काय व्हावं, यावर वर्षानुवर्षं वाद झाला, खेळाडू बोलले, नियम झाला. ऊसतोडीच्या दरासाठी निदान बैठक होते. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांच्या रेट्यानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पण हार्वेस्टरच्या अनुदानाचा अर्ज यंत्र घेणारा भरतो. ज्याचा हात रिकामा होणार, त्याच्यासाठी त्या अर्जात रकानाच नाही.

कारखान्याच्या तळावर रात्री कोप्यांमध्ये फोनचे उजेड दिसतात. दिवसभर कोयता धरलेले काही तरुण हात तेव्हा काचेवर चालत असतात. त्या हातांना नवीन शिकता येत नाही असं कुणी म्हणू नये. चार बोटांचा क्लॉ त्यांना कुणी क्लास लावून शिकवलेला नाही. कोयता सुटल्यावर पुढचं हत्यार कुठलं, ते शिकायला वेळ किती आणि तोवर घर कसं चालायचं, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.