रिकामा पडदा आणि सुंदर चित्र

संगणकाकडून चित्र काढवून घेणाऱ्यावर दोन प्रकारचीं संकटें येतात. एकांत चित्र उमटतच नाहीं. दुसऱ्यांत तें उमटतें, पण भलतेंच कांहीं सांगतें. लोकांचा सारा त्रागा पहिल्यावर असतो. नीतीच्या दृष्टीनें विचार करण्यासारखें संकट मात्र दुसरें आहे.

ऑयलर यानें १७३६ सालीं क्योनिग्जबर्गच्या पुलांचा प्रश्न सोडविला, तेव्हां शहराचा नकाशा त्यानें जवळजवळ बाजूसच सारला. भूभाग ४, पूल ७. प्रत्येक भूभागास लागणाऱ्या पुलांची संख्या विषम. म्हणून प्रत्येक पूल एकदांच ओलांडून सर्व पूल फिरणें अशक्य. नदी वांकडी कीं सरळ, बेट मोठें कीं लहान, याचा या उत्तराशीं कांहीं संबंध नाहीं. तात्पर्य, जाळ्याला संबंध असतात, स्थान नसतें. परंतु तें कागदावर काढावयाचें म्हटलें कीं प्रत्येक बिंदूस कोठें तरी बसवावेंच लागतें, आणि जें मुळांत नाहीं तें चित्रांत शिरतें.

पायथन भाषेंत हें काम पुष्कळदां नेटवर्कएक्स व मॅटप्लॉटलिब या लायब्रऱ्यांकडून करवितात. खिडकी उघडत नसेल, तर चित्र रंगविणारी यंत्रणा केवळ फाईल तयार करणाऱ्या ‘ॲग’ जातीची आहे काय, हें पाहावें. जतन केलेली फाईल कोरी निघाली, तर चित्र दाखविण्याची आज्ञा जतन करण्याच्या आधीं दिली गेली आहे काय, हें पाहावें. हे दोष प्रामाणिक आहेत. कोरा पडदा आपली उणीव आपणच उघड करतो. त्यानें कोणी फसत नाहीं.

दुसऱ्या संकटाची गोष्ट निराळी. बिंदूंच्या जागा आपण सांगितल्या नाहींत, तर नेटवर्कएक्स त्या स्वतः ठरवितें. त्यासाठीं ती प्रायः फ्रुख्टरमन व राइनगोल्ड यांनीं १९९१ सालीं मांडलेली पद्धति वापरते: जोडलेले बिंदु एकमेकांस ओढतात, सर्व बिंदु एकमेकांस लोटतात, आणि आरंभींच्या जागा यदृच्छेनें पडतात. म्हणून तोच प्रोग्राम पुन्हा चालविला कीं चित्र बदलतें. नवशिका यास बिघाड समजतो. पण तो पद्धतीचा स्वभाव आहे. यदृच्छेचा बीजांक ठरवून दिला कीं चित्र स्थिर होतें. परंतु स्थिर झालें म्हणून तें खरें झालें काय?

समजा, एखाद्या कचेरींतील पत्रव्यवहाराचें जाळें काढलें, आणि एका चित्रांत एक साधा कारकून मधोमध आला. पाहणारा म्हणेल, सर्व सूत्रें याच्याच हातीं! दुसऱ्या बीजांकानें तोच मनुष्य कडेला जाईल. आतां ज्याला त्या कारकुनावर ठपका ठेवावयाचा आहे, त्यानें दहा बीजांक लावून पाहिले व सोयीचें तेवढें चित्र वरिष्ठांपुढें ठेविलें, तर तो खोटें बोलला काय? एकही रेषा खोटी नाहीं. तरी माझ्या मतें तें असत्यच होय. कारण ऐकणाऱ्याच्या मनांत चुकीची समजूत जाणूनबुजून उत्पन्न करणें हेंच असत्याचें मर्म आहे, मग साधन शब्द असोत कीं बिंदु.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक चित्रांत निवड ही असतेच. हॅरी बेक याचा लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत अंतरें कोठें खरीं आहेत? आक्षेप योग्य आहे; पण त्यांतच उत्तर आहे. गाडी कोठें बदलावयाची हें त्या नकाशानें सांगावें एवढीच प्रवाशाची अपेक्षा असते, आणि ती तो पुरी करतो. त्याच्या सरळ रेषाच सांगतात कीं हें भूगोलाचें चित्र नव्हे. वास्तवाला सोडणें म्हणजे लबाडी नव्हे; सोडल्याचें लपविणें ही लबाडी.

म्हणून चित्र उमटल्यावर आपलें काम संपत नाहीं. कोणत्या पद्धतीनें जागा ठरल्या हें चित्राखालीं लिहावें. निरनिराळे बीजांक घेऊन तें पुनःपुन्हा काढावें. आणि जें दर वेळीं टिकेल तेंही प्रत्यक्ष रेषा मोजून पडताळावें. त्या कारकुनास खरोखर किती पत्रें आलीं व गेलीं, हें मोजण्यास चित्राची गरजच नाहीं. एखाद्याच्या अब्रूचा प्रश्न असेल, तेथें तेवढी मोजदाद होईपर्यंत तें चित्र पुढें न ठेवणेंच उचित.